ट्रेलर जोडून मुंबई ते कन्याकुमारी : आईला घेऊन तीन आठवड्यांचा प्रवास कसा आखावा?

सह्यवाट (मुलुंड पूर्व)

नमस्कार मंडळी. येत्या जानेवारीत मी, माझी पत्नी, धाकटा भाऊ आणि ७४ वर्षांची आई असे चौघे जण गाडीमागे राहण्याचा ट्रेलर जोडून मुंबईहून कन्याकुमारीला जाण्याचा विचार करत आहोत. निघण्यापूर्वी आमची आखणी अनुभवी माणसांकडून तपासून घ्यावी, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

कन्याकुमारीच का, याचे कारण आई आहे. ती साताऱ्यात शाळेत असताना एकनाथ रानडे यांनी विवेकानंद शिलास्मारकासाठी देशभरातून एक-एक रुपयाची वर्गणी जमवली होती, आणि तिने आजोबांकडून हट्टाने मागून घेतलेला एक रुपया त्या वर्गणीत दिला होता. १९७० मध्ये स्मारक उभे राहिले. पुढे संसार, नोकरी आणि आमची शिक्षणे यांत तिचे तिकडे जाणे राहूनच गेले. विमानाने तिरुवनंतपुरमला नेऊन तिला दोन-तीन दिवसांत परत आणता येईल हे मला कळते. परंतु तिला वाटेतले कोकण, गोकर्ण, उडुपी हे सगळे सावकाश पाहायचे आहे, आणि कंबरेच्या दुखण्यामुळे दर रात्री नवी खोली, नवी गादी, नवा जिना तिला सोसवत नाही. आपले अंथरूण आणि आपले न्हाणीघर सोबत असावे, एवढ्यासाठी ट्रेलरचा घाट घातला आहे.

ट्रेलर एका मित्राकडून घेतला आहे. पुढच्या दांड्यासह त्याची लांबी १५ फूट आणि उंची साडेआठ फूट आहे. एकच ॲक्सल (चाकांचा आस), ओव्हररन ब्रेक, रिकामे वजन ७८० किलो आणि पाटीवर लिहिलेले कमाल वजन १,१०० किलो. ओढणारी गाडी चार वर्षे वापरलेली डिझेल एसयूव्ही आहे. सोसायटीतील आमची पार्किंगची जागा अडीच मीटर बाय साडेपाच मीटर असल्यामुळे तिथे गाडीच जेमतेम मावते, म्हणून ट्रेलर बदलापूरला मावशीच्या अंगणात उभा असतो आणि आतापर्यंत आम्ही तो फक्त दोनदा, तेही मुरबाडपर्यंतच, ओढून पाहिला आहे.

पनवेलहून राष्ट्रीय महामार्ग ६६ धरायचा, तो थेट कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटर जातो. दिवसाला ३५० किलोमीटर चालवून पाच दिवसांत पोहोचायचे आणि परतीला मदुराई, बंगळुरू, कोल्हापूर असे यायचे, अशी आमची ढोबळ आखणी आहे. २१ दिवस पुरतील का? आईला चालत्या ट्रेलरमध्ये पलंगावर आडवे पडू दिले तर तिच्या कंबरेला आराम मिळेल का? तिच्यासाठी ट्रेलरमध्ये एक टनाचा एसी बसवावा असे भावाला वाटते, तो १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीवर रात्रभर चालेल का? आणि कागदपत्रांचे नेमके काय करावे? जे चुकत असेल ते स्पष्ट सांगा, ही विनंती.

घाटमाथा (ठाणे)

सह्यवाट, आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण तो जिवाशी निगडित आहे. चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसायचे नाही, झोपायचे तर नाहीच. तिथल्या पलंगाला सीट बेल्ट नसतो, भिंती पातळ असतात, आणि एखाद्या खड्ड्यातून जाताना ट्रेलर आतून किती उसळतो याची गाडीत बसलेल्या माणसाला कल्पनाही येत नाही. एकदा चिपळूणला पोहोचून आम्ही दार उघडले, तर कपाटाची कडी निघून स्टीलचा डबा खाली आलेला होता आणि तूरडाळ पार उशीपर्यंत पसरली होती. आईंना गाडीत पुढच्या सीटवर बसवा, कंबरेमागे उशी द्या आणि दर दीड तासाने थांबून त्यांना पाच मिनिटे चालवा.

तुम्ही किलोमीटरचा हिशेब मांडला आहे. मी आधी किलोचा मांडतो. तुमच्या ट्रेलरमध्ये ३२० किलो सामान भरता येते. ९० लिटरची पाण्याची टाकी भरली की त्यातले ९० किलो गेले. एसी आणि त्याची चौकट ४० किलो, बॅटरी व इन्व्हर्टर २५, शेगडी आणि सिलिंडर २०, बाहेर ओढायचे छत २०, घडीचे टेबल-खुर्च्या २५, चौघांची अंथरुणे-पांघरुणे आणि कपडे ८०, भांडी व किराणा ४०. ही बेरीज ३४० किलो होते, आणि त्यात आईंची औषधे, हत्यारांची पेटी, जॅक अजून धरलेलेच नाहीत. घरी बसून केलेल्या अशा अंदाजात वस्तू नेहमी सुटतात, त्यामुळे प्रवासाला निघताना जसा भराल तसा ट्रेलर भरून कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे न्या. तिथे वजनकाट्यांची वाण नाही. ट्रेलर गाडीपासून सोडवून एकटा काट्यावर उभा करा आणि पावती जपून ठेवा. त्याचबरोबर गाडीच्या मालकाच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता किती दिली आहे तेही पाहा, कारण काही कंपन्या ती अतिशय कमी देतात आणि काही तर ट्रेलर ओढूच नका असे स्पष्ट लिहितात. हिच (ट्रेलर अडकवण्यासाठी गाडीमागे बसवायची, गोळा असलेली जोडणी) विकणारा दुकानदार काहीही सांगो, पुस्तिकेतला आकडा शेवटचा मानावा.

एकूण वजनाइतकेच महत्त्वाचे असते हिचवर येणारे वजन, म्हणजे ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या गोळ्यावर किती भार टाकतो ते. ढोबळ मानाने ते एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावे, अर्थात हिच आणि गाडी यांची मर्यादा सांभाळून. वजनकाट्याची पायरी दहा-वीस किलोची असल्याने हे मोजायला घरातला माणसे मोजण्याचा काटाच बरा पडतो: जमीन सपाट पाहायची, काट्यावर लाकडाचा ठोकळा उभा करायचा आणि ट्रेलरचा कपलर (दांड्याच्या टोकाची, गोळ्यावर बसणारी खोबण) गाडीला जोडल्यावर जेवढ्या उंचीवर असतो तेवढ्याच उंचीवर त्या ठोकळ्यावर टेकवायचा. काट्याची क्षमता मात्र पुरेशी असावी.

हे मी एवढ्या आग्रहाने का सांगतो त्याचे कारण सांगतो. सहा वर्षांपूर्वी नाशिकहून परतताना आम्ही दोन सायकली ट्रेलरच्या मागच्या बाजूला बांधल्या होत्या आणि इगतपुरीला पाण्याची टाकी काठोकाठ भरली होती. ती टाकी ॲक्सलच्या मागे होती हे माझ्या लक्षातच आले नाही. कसारा घाट सुखरूप उतरलो. पुढे शहापूरच्या अलीकडे, सरळ आणि किंचित उताराच्या रस्त्यावर, वेग ८५ असताना एक कंटेनर आम्हाला ओलांडून गेला आणि त्याच्या वाऱ्याने ट्रेलरने शेपूट हलवायला सुरुवात केली. डाव्या आरशात ट्रेलरच्या कोपऱ्याचा पिवळा रिफ्लेक्टर दिसायचा, नाहीसा व्हायचा, लगेच उजव्या आरशात दिसायचा, आणि दर खेपेला तो आधीपेक्षा जास्त बाहेर येत होता. गाडीची मागची बाजू आपल्याला विचारल्याशिवाय इकडून तिकडे जात आहे, ही जाणीव फार भयंकर असते. मी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, स्टिअरिंग सरळ घट्ट धरले, आणि ब्रेक मारण्याची किंवा हलणाऱ्या दिशेच्या उलट वळवण्याची ऊर्मी कशीबशी आवरली. वेग ६० च्या खाली आला तसा ट्रेलर शांत झाला. घरी येऊन मोजले, तर हिचवर अवघे ३५ किलो वजन भरले. जड सामान ॲक्सलच्या किंचित पुढे आणि जमिनीलगत ठेवा, मागच्या टोकाला काहीही टांगू नका आणि ७० च्या वर जाऊ नका.

ओव्हररन ब्रेकबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. ट्रेलर गाडीला मागून ढकलतो तेव्हा ते ब्रेक लागतात, त्यामुळे लांब उतारावर ते सतत लागून राहतात आणि तापतात. उतार सुरू होण्यापूर्वीच गाडी खालच्या गिअरमध्ये घ्या आणि मोठ्या घाटात मध्ये एकदा सुरक्षित जागी थांबा. थांबल्यावर चाकाच्या मध्यभागाजवळ हाताची मागची बाजू नेऊन पाहा. सपाट रस्त्यावरही दर थांब्याला हे करावे, कारण दोन चाकांपैकी एकच जास्त तापलेले असेल तर तिथले बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक तपासायला हवा. तुमचा ट्रेलर बराच काळ अंगणात उभा असतो, म्हणून निघण्यापूर्वी दोन्ही बेअरिंगे उघडून नवे ग्रीस भरा, टायरच्या बाजूवरील चार अंकी आकडा वाचा (२३२१ म्हणजे २०२१ च्या २३व्या आठवड्यातला टायर) आणि पाच-सहा वर्षांहून जुने टायर नक्षी चांगली दिसली तरी बदला. ट्रेलरची स्टेपनी वेगळी घ्यावी लागेल, गाडीची तिथे बसणार नाही. चाक काढून पुन्हा बसवले की ५० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा. आणि गोळा ५० मिलिमीटरचा आहे की दोन इंचाचा हे कपलरशी जुळवून पाहा. फरक एका मिलिमीटरहून कमी असतो, पण त्याने कपलर एक तर नीट बसत नाही किंवा ढिला राहतो.

किनारपट्टी (बोरिवली, मूळ गाव कुडाळ)

घाटमाथा यांनी यंत्राचे सगळे सांगितले आहे, मी रस्त्याबद्दल लिहितो. दिवसाला ३५० किलोमीटर ही कल्पना पूर्णपणे सोडून द्यावी. ट्रेलरसह या महामार्गावर तासाला सरासरी ४५ किलोमीटर पडले तरी पुष्कळ झाले. आईंसाठीचे थांबे, जेवण आणि संध्याकाळी चारपूर्वी मुक्कामी पोहोचणे हे सगळे धरले तर २०० किलोमीटर हा एका दिवसाचा पुरेसा पल्ला आहे. अंधार पडल्यावर अनोळखी जागी ट्रेलर मागे घेणे हा माझ्या मते या प्रवासातला सर्वांत वाईट अर्धा तास असतो.

तुम्ही मुलुंडचे असल्यामुळे अटल सेतूकडे जाण्याचे कारण नाही. आदल्या दिवशी ट्रेलर बदलापूरहून आणून पनवेलच्या आसपास ठेवा आणि पहाटे पाचला ऐरोली पुलावरून, ठाणे-बेलापूर रस्त्याने पळस्पे फाटा गाठा. माणगाव आणि इंदापूर या बाजारपेठा सकाळी लवकर ओलांडलेल्या बऱ्या, आणि शनिवार-रविवार कोकणच्या दिशेने निघूच नये. कशेडी घाटाला आता बोगद्याचा पर्याय असल्याने तुमचा मोठा चढ-उतार वाचेल, तरी खेडजवळचा भोस्ते, चिपळूणजवळचा परशुराम आणि हातखंब्याअलीकडचा निवळी हे घाट आहेतच. पहिला मुक्काम चिपळूण आणि दुसरा कुडाळ ठेवा. गणपतीपुळ्याला जायचे असेल तर ट्रेलर महामार्गालगत मुक्कामी ठेवून नुसत्या गाडीने जाऊन या, कारण किनाऱ्याकडे उतरणारे रस्ते अरुंद, वळणांचे आणि तीव्र उताराचे आहेत.

आमच्या सिंधुदुर्गातल्या वाड्यांविषयी आपुलकीने एक सांगतो. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे असलेल्या पाणंदीत गाडी सहज जाते, मागे ट्रेलर असेल तर मात्र परत फिरायला जागा नसते, आणि फणसाच्या फांद्या व घरांकडे गेलेल्या विजेच्या तारा साडेआठ फुटांवर अगदीच जवळ येतात. वळण्यापूर्वी भावाने उतरून शेवटपर्यंत चालत जाऊन पाहावे. मुक्कामासाठी फोन कराल तेव्हा "गाडी आणि ट्रेलर मिळून तीस फूट लांब आहे, न वळता आत येऊन न वळता बाहेर पडता येईल का," असेच विचारा. नुसते "पार्किंग आहे का" विचारले की सगळेच हो म्हणतात.

मागे कसे घ्यायचे याचा सराव निघण्यापूर्वी एखाद्या मोकळ्या मैदानावर किमान दोन रविवार करा. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरला की सोपे जाते: ट्रेलरची मागची बाजू ज्या दिशेला न्यायची, हात त्याच दिशेला न्यायचा, आणि थोडे-थोडेच फिरवायचे. ट्रेलर दुमडू लागला तर दुरुस्त करण्याच्या फंदात न पडता पुढे जाऊन सरळ व्हावे आणि नव्याने सुरुवात करावी.

कुडाळच्या पुढे गोवा, कारवार, होन्नावर, भटकळ हा टप्पा फार सुंदर आहे. मरवंते येथे महामार्गाच्या एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला सौपर्णिका नदी आहे, तिथे आईंना नक्की उतरवा. मात्र गोव्यात समुद्रकिनाऱ्यांसारख्या पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यास २०१९ पासून कायद्याने मनाई आहे, तेव्हा शेगडी बाहेर काढू नका.

आता माझे स्पष्ट मत. ट्रेलर कन्याकुमारीपर्यंत नेऊ नका. मंगळुरूच्या पुढे केरळात याच महामार्गाच्या सहापदरीकरणाचे काम टप्प्याटप्प्याने चालू राहिले आहे, बाजूचे सेवारस्ते अरुंद आहेत, वस्ती जवळजवळ सलग आहे, आणि मे २०२५ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात कूरियाड येथे नव्या रस्त्याचा भराव खचला होता. शिवाय संक्रांतीच्या सुमारास शबरीमलाचा मकरविळक्कू उत्सव असतो आणि त्या दिवसांत केरळचे रस्ते यात्रेकरूंनी भरलेले असतात. मुंबई ते मंगळुरू सुमारे ९०० किलोमीटर होतात. तिथे ट्रेलर सुरक्षित जागी ठेवून आईंना रेल्वेने नागरकोइलपर्यंत न्या. मंगळुरूहून थेट गाड्या आहेत आणि नागरकोइलहून कन्याकुमारी अगदी जवळ आहे. तिथे दोन रात्री तळमजल्यावरची चांगली खोली घ्या. शिलास्मारकाकडे जाणाऱ्या बोटीची रांग सकाळी लवकर गाठा. स्मारक आणि तिरुवळ्ळुवर यांचा पुतळा यांच्यामध्ये डिसेंबर २०२४ मध्ये काचेचा पादचारी पूल झाल्यामुळे एकदा बोटीतून उतरल्यावर दोन्ही ठिकाणे चालत पाहता येतात, ही आईंच्या दृष्टीने सोय आहे.

परतीच्या वाटेवर कुडाळ-मालवण भागात थांबणार असाल, तर आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख आधी पाहून घ्या. ती ठरलेल्या तिथीला नसते, दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरते, आणि त्या दिवसांत तिकडच्या रस्त्यांवर ट्रेलर घेऊन जाणे योग्य नव्हे.

ओसरी (डोंबिवली)

मी आणि माझे यजमान गेली चार वर्षे सासूबाईंना घेऊन असाच प्रवास करतो, म्हणून घरातल्या बाजूने लिहिते.

एसीचा विचार सोडा. १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत साधारण १,२८० वॅट-तास वीज असते आणि एक टनाचा एसी चालताना हजार वॅटच्या आसपास वीज ओढतो, म्हणजे रात्रभर तर सोडाच, तो तास-सव्वा तासात बॅटरी संपवेल. त्याच बॅटरीवर ३० वॅटचा पंखा, दिवे आणि फोनचे चार्जिंग दोन रात्री निभावते. जानेवारीत कोकणात आणि कारवारकडे रात्री पंखा पुरतो; खिडक्यांना बारीक जाळी मात्र हवी. घाटमाथा यांच्या हिशेबातले ४० किलोही त्यामुळे वाचतील.

पाणी मुक्कामी पोहोचल्यावर भरा आणि चालताना टाकीत वीस लिटरच ठेवा. पिण्याचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये घ्या, कारण टाकीतले पाणी दोन दिवसांत प्लॅस्टिकचा वास धरते.

शौचालयाविषयी लोक बोलायला संकोचतात, परंतु वयस्कर माणसाच्या प्रवासात तोच सर्वांत मोठा प्रश्न असतो. कॅसेट टॉयलेटची (ओढून काढता येणाऱ्या टाकीच्या शौचालयाची) टाकी चार माणसांत दीड-दोन दिवसांत भरते, म्हणून दिवसा आम्ही सगळे मुक्कामाच्या ठिकाणचे किंवा पेट्रोल पंपावरचे स्वच्छतागृह वापरतो आणि ट्रेलरमधले सासूबाईंना रात्रीपुरते राखून ठेवतो. तिथपर्यंत जाताना अंधारात आधाराला हात लागावा म्हणून पलंगापासून दारापर्यंत भिंतीला एक स्टीलचा दांडा बसवून घेतला आहे. आमच्या ट्रेलरमध्ये केलेल्या सगळ्या कामांत हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी ठरले. टाकी रिकामी करायची ती मुक्कामाच्या जागेच्या मालकांची परवानगी घेऊन त्यांच्या संडासातच. ओढ्यात, खाडीत किंवा शेताच्या बांधाला ती कधीही ओतू नका. ज्या गावाने आपल्याला रात्रभर जागा दिली त्याच्या विहिरीची काळजी आपणच घ्यायची असते. टाकीत घालायचे औषध फॉर्मल्डिहाइडविरहित घ्या, नाहीतर सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात आणि त्याचा त्रास आपण गेल्यावर त्या घराला होतो.

ट्रेलरच्या दाराची पायरी जमिनीपासून फूट-सव्वा फूट उंच असते. कंबर दुखणाऱ्या माणसासाठी मध्ये एक रुंद, न घसरणारा लाकडी पाट ठेवा, आणि आईंना चढू देण्यापूर्वी चाकांखाली ठोकळे व चारही कोपऱ्यांचे टेकू लावलेले आहेत हे प्रत्येक वेळी पाहा.

सिलिंडर पाच किलोचा पुरतो. तो उभा आणि पट्ट्याने बांधलेला असावा, आणि गाडी सुरू करण्यापूर्वी त्याचा वॉल्व्ह बंद करणे हे एकाच माणसाचे काम ठरवून द्यावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर खाली साठतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे छिद्र हवे आणि गॅसची सूचना देणारे यंत्रही जमिनीलगत बसवावे. आम्ही आत फक्त चहा, खिचडी आणि सासूबाईंचा पथ्याचा मऊ भात करतो, बाकी जेवण बाहेर.

नोंदवही (वडाळा)

कागदपत्रांपुरते थोडक्यात लिहितो. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये मोटार वाहनाची जी व्याख्या आहे तिच्यातच ट्रेलरचा समावेश आहे, त्यामुळे ट्रेलरची आरटीओकडे स्वतंत्र नोंदणी लागते आणि मित्राकडून घेतला असल्याने ती तुमच्या नावावर करून घ्यावी लागेल. ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरच्या मागेही दिसला पाहिजे, हे कायद्याच्या कलम ६१ मध्ये आहे. गाडीच्या विमा पॉलिसीत ट्रेलर ओढण्याचा उल्लेख आणि ट्रेलरचे स्वतःचे विमा संरक्षण या दोन्ही गोष्टी विमा कंपनीकडून लेखी घ्या. तोंडी आश्वासन अपघातानंतर कामाला येत नाही. गाडीला हिच बसवणे हा वाहनातील बदल मानला जाईल का, हेही नोंदणी ज्या आरटीओची आहे तिथे आधीच विचारून घ्या.

टोलनाक्यावरील यंत्रणा ॲक्सल मोजते आणि तुमचा फास्टॅग मोटारीचा असेल, त्यामुळे तीन ॲक्सल दिसल्यावर वर्गवारीचा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. दोन्ही नोंदणी प्रमाणपत्रांच्या प्रती हाताशी ठेवा आणि कर्मचारी असतील अशा कडेच्या मार्गिकेतून जा.

महाराष्ट्राचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले आणि केरळनेही त्याच वर्षी आपले धोरण जाहीर केले. तरीही धोरण आहे म्हणून वाटेत सर्वत्र वीज-पाण्याची सोय असलेली जागा मिळेल असे धरून निघू नका. प्रत्येक रात्रीची जागा फोनवर पक्की करूनच निघा.

सह्यवाट (मुलुंड पूर्व)

सर्वांचे मनापासून आभार. घाटमाथा यांच्या सांगण्याप्रमाणे गेल्या रविवारी ट्रेलर एसीशिवाय पण बाकी सगळ्या सामानासह, टाकी भरून, कळंबोलीला काट्यावर चढवला. पावतीवर १,१६० किलो आले. एसी नसतानाही मर्यादेपेक्षा ६० किलो जास्त पाहून भाऊ आणि मी काही वेळ एकमेकांकडे पाहतच राहिलो. टाकीत वीस लिटरच पाणी ठेवून, बाहेरचे छत, दोन खुर्च्या आणि बिडाचे तवे घरी ठेवून पुन्हा वजन केले तेव्हा १,०५० भरले. हिचवरचे वजन सुरुवातीला ६० किलो होते. बॅटरी आणि हत्यारांची पेटी मागच्या कपाटातून काढून पलंगाखाली, ॲक्सलच्या पुढे हलवल्यावर ते ९५ झाले, आणि हिचच्या मर्यादेत बसते. पुस्तिकेतला गाडीचा आकडाही पाहिला, त्यातही आम्ही बसतो. बेअरिंगे उघडली तेव्हा डाव्या बाजूचे ग्रीस वाळून काळे खडे झालेले निघाले, म्हणून दोन्ही बाजूंची बेअरिंगे नवी बसवली. टायर २०१८ चे होते, तेही बदलले.

मंगळुरूपर्यंत ट्रेलर आणि पुढे रेल्वे ही किनारपट्टी यांची सूचना मी आईला सांगायला कचरत होतो, कारण सगळा प्रवास तिच्या नावाने आखलेला होता. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "गाडीत खालचा बर्थ मिळेल ना?" तिला शिळेवर उभे राहायचे आहे, तिथवर कोणत्या वाहनाने जायचे याबद्दल तिचा काहीच आग्रह नव्हता, तो माझाच होता.

त्यामुळे आता संक्रांत घरी करून, त्यानंतरच्या मंगळवारी पहाटे निघायचे ठरवले आहे. चिपळूण, कुडाळ, कारवार, उडुपी असे मुक्काम. कुडाळला आणि उडुपीला दोन-दोन रात्री. भावाच्या सहकाऱ्याची मंगळुरूजवळ नारळाची बाग आहे, तिथे ट्रेलर सहा दिवस राहील. जागेत सरळ आत जाऊन दुसऱ्या फाटकातून बाहेर पडता येते हे त्याने स्वतः मोजून कळवले आहे. परतीला बंगळुरू-कोल्हापूरचा फेरा न घेता आलो त्याच रस्त्याने येऊ. पलंगापासून दारापर्यंतचा दांडा काल बसवून झाला, आणि आईने त्याला धरून दोनदा चालून पाहिले. नोंदणी माझ्या नावावर करण्याचा अर्ज दिला आहे.

एकच प्रश्न उरला आहे. कारवारच्या आसपास महामार्गालगत, सपाट आणि तीस फूट लांबीला पुरेल अशी मुक्कामाची जागा कोणाच्या पाहण्यात असेल तर कृपया कळवावे; बाकी सर्व ठिकाणे फोनवर पक्की झाली आहेत.